आधी कोणाचा मोबाईल तपासायचा?

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी तिसऱ्या पानावर बराच वेळ थांबले. त्या पानाकडे मी येणारच आहे. पण इतर वाचकांना विषय कळावा म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नगरला राहता, यजमान तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच (कारभार पाहणाऱ्या समितीचे सदस्य) आहेत, मुलगा अकरावीत आहे आणि येत्या काही महिन्यांत त्याचा दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीचा) वर्ग सुरू होणार आहे. रात्री सगळे झोपल्यावर तो कानात हेडफोन घालून वेब सिरीज पाहत बसायचा. महिन्यापूर्वी एका रात्री यजमान अचानक त्याच्या खोलीत गेले, तेव्हा पडद्यावर दोन तरुण एकमेकांजवळ प्रेमाची कबुली देत होते. यजमानांनी मोबाईल हिसकावून घेतला आणि तो अजून तुमच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे. मुलगा त्या वेळी एवढेच म्हणाला, "माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. त्याच्याशी बोलणंही बंद करू का?" तेव्हापासून जेवणाच्या वेळी घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. ख्रिस्ती मुलाने काय पाहावे आणि काय पाहू नये याची यादी मी करून द्यावी, म्हणजे ती त्याच्यापुढे ठेवता येईल, अशी तुमची विनंती आहे.

आता ते तिसरे पान. मुलगा किती उलट बोलू लागला आहे, हे मला पटावे म्हणून तुम्ही बुधवारच्या घरसभेतला प्रसंग लिहिला आहे. प्रार्थनेच्या विषयांत यजमानांनी आपल्या मोबाईलवरचा एक निरोप वाचून दाखवला: अफगाणिस्तानात बावीस ख्रिस्ती मिशनऱ्यांना उद्या दुपारी ठार मारण्यात येणार आहे, त्यांच्यासाठी तातडीने प्रार्थना करा आणि हा निरोप आपल्या सर्व ओळखीच्यांना पाठवा. सर्वांनी माना खाली घातल्या, एका मावशींना रडू फुटले. मुलाने शेजारी बसलेल्या मावसभावाच्या फोनवर शोधाशोध केली आणि 'आमेन' झाल्यावर तो म्हणाला, "पप्पा, हा मेसेज खोटा आहे, वर्षानुवर्षे फिरतोय." यजमानांनी त्याला सर्वांसमोर बाहेर काढले. तुम्ही लिहिता, "चारचौघांत बापाला मान खाली घालायला लावली."

ताई, माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगते. तुमच्या मुलाने त्या संध्याकाळी जे केले, तेच करायला बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला सांगितले होते: "सर्व गोष्टींची पारख करा; चांगले ते बळकट धरा." त्याने वेळ चुकीची निवडली असेल, आवाज थोडा चढला असेल, ते त्याला नंतर प्रेमाने सांगता येईल, पण त्या खोलीत पारख करणारा तो एकटाच होता. म्हणून माझे उत्तर यादीपासून सुरू होत नाही, त्या निरोपापासून होते.

तो निरोप आपण नीट पाहू. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातील एका मंडळीचे २३ स्वयंसेवक काबूलहून कंदाहारकडे बसने जात असताना गझनी प्रांतात तालिबानने त्यांचे अपहरण केले. त्यांतील दोघा पुरुषांना ठार मारण्यात आले आणि उरलेल्या २१ जणांची ऑगस्टअखेरपर्यंत सुटका झाली. ही घटना खरी आहे, दुःखद आहे, आणि त्या वेळी जगभरच्या मंडळ्यांनी त्यांच्यासाठी केलेली प्रार्थना योग्यच होती. पण पुढे या घटनेची सावली धरून कोणीतरी एक मजकूर तयार केला आणि तो आजतागायत हिंडतो आहे. त्याची रचना पाहा. त्यात 'उद्या' आहे, पण तारीख नाही, म्हणून तो ज्या दिवशी वाचावा त्या दिवशी ताजाच वाटतो. त्यात बावीस माणसे आहेत, पण एकाचेही नाव नाही, गाव नाही, ती कोणत्या मंडळीने पाठवली याचा पत्ता नाही. त्यात घाई आहे, आणि शेवटी 'सर्वांना पाठवा' ही आज्ञा आहे. असाच दुसरा एक निरोप तुम्हालाही आला असेल: बौद्ध अतिरेक्यांनी भारतात काल रात्री वीस चर्चे जाळली आणि आज रात्री 'ओलिसाबांग' प्रांतातील दोनशे चर्चे जाळणार आहेत. या नावाचा प्रांत भारतात नाही, कधीही नव्हता. दहावीच्या भूगोलावर कळणारी ही गोष्ट, पण पन्नाशी ओलांडलेल्या, शिकल्यासवरलेल्या माणसांनी तो निरोप माझ्याकडे पाठवलेला आहे, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

"प्रार्थनाच केली ना, त्यात कोणाचे काय बिघडले?" असे यजमान म्हणाले, हे तुम्ही लिहिलेच आहे. बिघडते, ताई. पहिली गोष्ट म्हणजे 'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस' ही दहा आज्ञांपैकी एक आहे. आपल्या प्रॉटेस्टंट मोजणीत नववी, कॅथलिक बांधवांच्या मोजणीत आठवी. ती आज्ञा खोटे रचणाऱ्यापुरती नाही, ते पुढे नेणाऱ्यालाही लागू आहे, कारण न्यायसभेत साक्ष देणारा माणूस ऐकीव गोष्ट सांगूनही निरपराध्याचा जीव घेऊ शकतो. अफगाणिस्तानविषयीचा तो मजकूर एका अख्ख्या लोकसमूहाविरुद्ध साक्ष देतो, आणि तो ऐकून घरी जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या मुसलमान शेजाऱ्याकडे कालच्या नजरेने पाहू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या प्रसारमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातमीचे मूळ एदेन बागेतल्या सर्पापर्यंत नेले होते: अर्धे खरे, अर्धे खोटे, आणि ऐकणाऱ्याच्या हिताची काळजी असल्याचा आव. आपण प्रॉटेस्टंट आहोत म्हणून ते वाचू नये, असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. त्याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच माणसे ठेचून मारली गेली. ती मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची गरीब माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप मोबाईलवरून गावोगाव पोहोचलेले होते, आणि ते पाठवणाऱ्यांतील बहुतेकांना आपण पोराबाळांच्या काळजीने पाठवतो आहोत असेच वाटत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. राईनपाड्याच्या त्या पाच मृतांच्या घरच्यांना 'आम्ही नुसते पुढे पाठवले' हे उत्तर कोणत्या तोंडाने देणार?

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या समाजाला सर्वांत महाग पडते. आपल्या लोकांवर खरोखरच हल्ले झालेले आहेत. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. २००८ साली ओडिशातल्याच कंधमालमध्ये ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले आणि हजारो माणसे घरेदारे सोडून जंगलात आणि छावण्यांत गेली. या घटनांना तारखा आहेत, नावे आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत. 'ओलिसाबांग'सारखी गोष्ट आपण दहा वेळा पाठवली, की अकराव्या वेळी आपण कंधमालविषयी बोलू लागल्यावर ऐकणारा हसतो. खोट्या छळाची बातमी खऱ्या छळ सोसणाऱ्यांच्या तोंडचे शब्द काढून घेते. हे मी चिडून लिहिते आहे, आणि ते तुम्हाला जाणवावे अशी माझी इच्छा आहे.

आता यादीविषयी. मी ती देणार नाही. याचे कारण शास्त्रात आहेच, पण आधी ते माझ्या आयुष्यातून सांगते. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या घरात सिनेमा हा शब्दही उच्चारायला बंदी होती. मी अकरा वर्षांची असताना गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. मावशीकडे भरतकाम शिकायला जाते असे सांगून मी मैत्रिणीबरोबर तो पाहिला. तंबूच्या कडेला, गोणपाटावर बसून. तो एका संताच्या जीवनावरचा चित्रपट होता, आणि त्या संताला लोक दारातून हाकलतात त्या प्रसंगी मी रडले होते. घरी आले तेव्हा कंदिलाच्या उजेडात रात्रीची प्रार्थना सुरू होती. वडिलांनी विचारले, "आज काय शिकलीस?" मी रुमालावर काढलेल्या, प्रत्यक्षात न काढलेल्या, फुलांचे वर्णन केले. आज मला त्या चित्रपटातले फारसे काही आठवत नाही, पण ती फुले अजून आठवतात. वडिलांना मी खरे सांगू शकले असते, तर त्या संताविषयी आणि आपल्या प्रभूविषयी ते माझ्याशी किती सुंदर बोलले असते, हे त्यांना ओळखणारी मुलगी म्हणून मला आज कळते. यादीने मला सिनेमापासून वाचवले नाही. तिने मला फक्त वडिलांपासून दूर नेले.

शास्त्रात हा प्रश्न नवा नाही. करिंथ या ग्रीक शहराच्या बाजारात विकले जाणारे पुष्कळसे मांस मूर्तीला वाहिलेल्या पशूंचे असे, आणि ते ख्रिस्ती माणसाने खावे की नाही यावर मंडळीत भांडण पेटले होते. पौलाला एका वाक्यात निकाल देता आला असता. त्याने तो दिला नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा असे तीन अध्याय त्याने त्यासाठी खर्च केले. बाजारात मिळते ते चौकशी न करता विकत घ्या, असे तो सांगतो. मात्र देवळातल्या पंगतीला बसू नका, असेही सांगतो. आणि सोबत जेवणाऱ्या एखाद्याच्या मनाला त्यामुळे ठेच लागत असेल तर त्याच्यासाठी ते ताट बाजूला सारा, असेही सांगतो. म्हणजे एकच मांस, आणि तीन ठिकाणी तीन उत्तरे. शेजारच्या काकू दिवाळीचा फराळ आणि पूजेचा प्रसाद एकाच ताटात घेऊन दारात उभ्या राहतात, तेव्हा आपल्या आया-आज्यांनी हा अध्याय किती वेळा जगून दाखवला आहे, हे वेगळे सांगायला नको. करिंथकरांना पौलाने यादी नव्हे, प्रश्न दिले: हे मला हितकारक आहे का, हे माझ्यावर सत्ता चालवू लागले आहे का, आणि माझ्या शेजारच्या माणसाचे यामुळे काय होते?

बायबलमधल्या दानीएलाचेही तेच. बाबेलात बंदिवान म्हणून नेल्यावर त्याला परक्या देवाचे नाव मिळाले, खास्द्यांची (तिथल्या राज्यकर्त्यांची) भाषा आणि विद्या शिकावी लागली, आणि त्या विद्येत तो सर्वांच्या पुढे गेला. पण राजाच्या मेजावरच्या अन्नाला मात्र त्याने नकार दिला. काय घ्यायचे आणि कुठे थांबायचे हे त्याचे त्याने ठरवले. तो त्या वेळी कोवळा तरुण होता, आणि आईबाप तिथे नव्हते. तुमचा मुलगा दोन वर्षांनी पुण्याला वसतिगृहात जाईल, तेव्हा तुमचे लोखंडी कपाट त्याच्यासोबत जाणार नाही.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही भिण्याची परंपरा नाही. १८४२ साली नगरहूनच 'ज्ञानोदय' निघू लागले. छापलेले नियतकालिक हे त्या काळचे नवे माध्यम होते आणि आपल्या पूर्वजांनी ते जवळ केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन मंडळीत आणले, आणि आज रविवारी आपण जी गीते डोळे मिटून गातो त्यांतील कित्येक त्यांची आहेत. जे लोकांच्या जिभेवर होते ते त्यांनी पारखून घेतले.

उलट, बंदीने काय साधते याचाही अनुभव आपल्याला आहे. २००६ साली 'द दा विंची कोड' हा चित्रपट आला, तेव्हा तो प्रभूविषयी खोटे सांगतो म्हणून देशभर मोर्चे निघाले. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने त्याला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले आणि कथा काल्पनिक असल्याची सूचना घालायला लावली. गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली, आणि आंध्र प्रदेश व तामिळनाडूतली बंदी पुढे उच्च न्यायालयांनी उठवली. त्या गदारोळात आमच्या मंडळीतल्या एका तरुण पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) वेगळेच केले. त्यांनी तरुण संघात चार बुधवार निकीया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेवर घेतले: ३२५ साली तिथे कोण जमले होते, ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या अरियसचे म्हणणे काय होते, आणि 'येशू देव आहे' हे तिथे मतदानाने ठरवले गेले असे जे चित्रपट सुचवतो ते का टिकत नाही, कारण प्रभूची देव म्हणून उपासना त्याआधी शतकानुशतके चालू होती. त्या वर्गातली एक मुलगी आज ईश्वरविज्ञान शिकवते. निकीयाचे नाव तिने पहिल्यांदा ऐकले ते या चित्रपटामुळे, असे ती मला म्हणाली होती.

याचा अर्थ मुलाला काहीही पाहू द्यावे असा नाही, आणि तसा अर्थ कोणी काढू नये. काही गोष्टी पाहण्यासारख्या नसतातच. माणसाच्या देहाला विकाऊ वस्तू करणारी चित्रे, कोणाच्या तरी यातनांची मजा घ्यायला लावणारी हिंसा, यांना 'कला' म्हणून आत घेण्याची गरज नाही, आणि तसे त्याला सांगताना तुम्ही अजिबात कचरू नका. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वयोगटाची खूण असते: सर्वांसाठी, सात वर्षांवरील, तेरावरील, सोळावरील आणि केवळ प्रौढांसाठी. यांतील तेरावरील आणि त्यापुढच्या सर्व कार्यक्रमांना पालकांना कुलूप घालता येते. ते कुलूप मुलाला विश्वासात घेऊन, त्याच्यासमोर बसून लावा. चोरून लावलेले कुलूप मुले एका संध्याकाळीत उघडतात. त्याहूनही उपयोगाची गोष्ट म्हणजे रात्री साडेदहानंतर घरातील सर्व मोबाईल, यजमानांचा आणि तुमचाही, बैठकीच्या खोलीत एकाच ठिकाणी चार्जिंगला लागावेत. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो ती सोय बंद करा, कारण मध्यरात्री मुलगा काय पाहतो याच्या निम्म्याहून अधिक निवड तो स्वतः करतच नसतो. माझ्या मते सिरीजच्या कथेपेक्षा ही झोपमोड त्याचे अधिक नुकसान करत होती.

आणि त्या सिरीजचा पहिला भाग तुम्ही दोघे त्याच्याबरोबर बसून पाहा. मध्ये बोलू नका. संपल्यावर "हे पाप आहे" असे म्हणण्याआधी "यातला कोण तुला आवडतो आणि का?" एवढेच विचारा. सुरुवातीला तो एका शब्दात उत्तर देईल. थांबून राहा.

मग वर्गातल्या मुलाचा प्रश्न येईलच, कारण तो प्रश्नच त्याला छळतो आहे. सिरीज तो कदाचित त्यासाठीच पाहत होता. इथे मी जपून लिहिते, कारण या विषयावर जगातल्या मंडळ्यांत एकमत नाही. विवाह हा एक पुरुष आणि एक स्त्री यांचा करार आहे असे आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्या शिकवतात, आणि ती शिकवण तुम्ही मुलाला प्रामाणिकपणे सांगावी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा निर्णय दिला, हेही त्याला ठाऊक असणार. पण त्याने तुम्हाला विवाहाविषयी विचारलेले नाही, कायद्याविषयीही नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्या, बहुधा चिडवल्या जाणाऱ्या, कदाचित घरीही काही सांगू न शकणाऱ्या एका मुलाशी बोलायचे की नाही, एवढेच त्याने विचारले आहे. त्याचे उत्तर कोणत्याही मंडळीत एकच आहे: बोल. त्याला डबा दे, त्याची टिंगल होत असेल तिथे त्याच्या बाजूने उभा राहा, आणि त्याने विश्वासाने सांगितलेले कोणापुढे उघड करू नकोस. त्या मुलाला एखाद्या रविवारी जेवायला घरी बोलावता आले तर बोलवा, आणि ताटावर त्याला काही शिकवायला जाऊ नका. वडिलांनी हिसकावलेल्या मोबाईलमधून तुमच्या मुलाला जो अर्थ कळला, तो असा की आपल्या घरात अशा माणसाला दार नाही. तो अर्थ तुम्हाला पुसायचा आहे.

राहता राहिले यजमान. त्यांच्याशी मुलासमोर बोलू नका. सकाळी, चहाच्या वेळी, दोघेच असताना बोला. ते खोटारडे आहेत असे कोणीही म्हणत नाही. त्यांचे काळीज हलले म्हणून त्यांनी तो निरोप वाचला, आणि हलणारे काळीज ही पंचाकडे असायलाच हवी अशी गोष्ट आहे. त्यांना त्यांच्याच फोनवर त्या निरोपाच्या वरची दुहेरी बाणाची खूण दाखवा. पाच किंवा अधिक हातांतून फिरत आलेल्या निरोपावर ती दिसते. यापुढे ती दिसली, की पुढे पाठवण्याआधी नाव, ठिकाण आणि तारीख या तीन गोष्टी शोधायच्या, आणि एकही सापडली नाही तर तो निरोप तिथेच थांबवायचा. शोधण्याचे काम मुलाकडे द्यावे. तो ते चांगले करतो, हे सिद्ध झालेच आहे.

त्याहून कठीण काम म्हणजे ज्या ग्रुपवर तो निरोप गेला तिथे दुरुस्ती पाठवणे. यजमानांना शब्द सुचत नसतील तर हे घ्या: "मागच्या आठवड्यात मी अफगाणिस्तानविषयी पाठवलेला निरोप खरा नाही, असे तपासल्यावर आढळले. २००७ सालची एक खरी घटना होती, तिचे विकृत रूप फिरते आहे. मी न तपासता पाठवला, याबद्दल क्षमा असावी. कृपया पुढे पाठवू नये." पंचाने असे लिहिल्याने त्याचा मान जातो, असे त्यांना वाटेल. मी चाळीस वर्षे मंडळीत वावरले आहे, आणि चूक कबूल केल्यामुळे मान गेलेला पंच मी पाहिलेला नाही. चूक लपवल्यामुळे गेलेले पाहिले आहेत.

आणि मुलाला त्या संध्याकाळी सर्वांसमोर बाहेर काढले होते, तेव्हा त्याला परत बोलावणेही सर्वांसमोरच व्हायला हवे. येत्या बुधवारी घरसभेत प्रार्थनेचे विषय यजमानांऐवजी त्याने वाचावेत. आदल्या दिवशी बापलेकांनी बसून ते निवडावेत: मंडळीतले आजारी, गावातली पाण्याची अडचण, आणि जगातला एखादा विषय, ज्याचे नाव, गाव आणि तारीख दोघांनी मिळून शोधलेली आहे. मोबाईल त्याआधी कपाटातून बाहेर काढावा लागेल, कारण ती शोधाशोध त्याला त्यावरच करायची आहे.

तुमची,
सदर-लेखिका